मदत हवी आहे: चोक काढला की ब्रश कटर बंद पडतंय, मिरगाच्या आधी चालू करायचंय

नमस्कार मंडळी,

अंबड तालुक्यात आमची दोन एकर मोसंबी आहे. बागेत रोटाव्हेटर घातला की पांढरी मुळी तुटते, म्हणून तीन वर्षांपासून गवत ब्रश कटरनेच कापतो. मशीन ३५ सीसीचं, फोर स्ट्रोक. दिवाळीआधी शेवटचं वापरलं आणि टाकीत पेट्रोल तसंच ठेवून कोठ्यात टांगलं. ती चूक झाली.

परवा काढलं. चोक लावला की दुसऱ्या-तिसऱ्या झटक्यात चालू होतं, चोक काढला की लगेच बंद. जुनं पेट्रोल ओतून दिलं, त्याला रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. नवीन पेट्रोल भरलं, ऑइल बदललं, एअर फिल्टरचा स्पंज धुऊन वाळवला. प्लग घासून पाहिला, ठिणगी चांगली पडते.

मिस्त्री म्हणतो पूर्ण कार्बोरेटर बदला. खरंच गरज आहे का? पहिला पाऊस झाला की केना आणि गाजर गवत एकदमच उठतं. गाजर गवत फुलावर यायच्या आत कापलं नाही तर पुढची दोन-तीन वर्षं तेच बी उगवत राहतं, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

प्रतिसाद १
दादा, कार्बोरेटर बदलायची घाई करू नका. चोक लावल्यावर हवा कमी होते आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. तेवढ्यावरच मशीन चालतंय, म्हणजे एरवी पेट्रोल कमी पडतंय. आधी टाकीतला छोटा फिल्टर बघा, मग पेट्रोलची नळी कडक झाली का, प्रायमरच्या रबरी फुग्याला चीर आहे का ते बघा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं. महिनोन् महिने पडून राहिलं की आत चिकट थर बसतो आणि डायफ्रॅम, म्हणजे कार्बोरेटरमधला पातळ पडदा, ताठर होतो. डायफ्रॅम आणि गॅस्केटचा किट सुटा मिळतो. खोलताना कोणता थर कशावर होता त्याचा फोटो काढून ठेवा. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येतं त्या बारीक भोकात, तार अजिबात घालू नका, भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा.

प्रतिसाद २
खोललंच आहे तर पात्याजवळच्या गिअर हेडमध्ये ग्रीस पण भरून घ्या. तिथला बोल्ट काढला की भोक दिसतं. आमचं गिअर हेड ग्रीसविना गरम होऊन गेलं, तेही ऐन श्रावणात.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढला, पार तपकिरी झाला होता. नवीन टाकला. आता चोक काढल्यावरही चालतंय, पण रेस दिली की दम खातंय. उद्या डायफ्रॅम किट आणायला जालन्याला जातोय. जुना डायफ्रॅम काढून सोबत न्यावा लागेल, की मशीनचा मॉडेल नंबर पुरेल?