यूके: भावाला फिट येतात, एपिलेप्सी अ‍ॅक्शनला मी फोन केला तर चालतो का?

नमस्कार, मदत हवी आहे, जरा लांबण लागेल. धाकटा भाऊ, वय २६, माझ्याकडेच राहतो, इथेच नोकरी. मार्चमध्ये पहाटे झोपेत पहिली फिट आली तेव्हा मी अक्षरशः चप्पल शोधत होते हुंगवायला, लहानपणी तेच बघितलेलं ना. ९९९ वरच्या (इथला इमर्जन्सी नंबर) बाईने सांगितलं तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, घड्याळ बघा आणि थांबली की कुशीवर वळवा. दुसरी मागच्या महिन्यात, बाथरूममध्ये, दार आतून लॉक. तोडलं शेवटी. आता एपिलेप्सीच (मिरगी) आहे म्हणून सांगितलंय, लेव्हेटिरासिटामची गोळी चालू आहे, फिट परत नाही पण चिडचिड इतकी की विचारू नका.

तर नर्सने एपिलेप्सी अ‍ॅक्शनचा नंबर दिलाय, ही फिट येणाऱ्यांना माहिती देणारी चॅरिटी, आणि भाऊ फोन करायला तयार नाही. चॅरिटी हा शब्दच त्याला लागतो, म्हणे मी कमावतो, मला कुणाचं दान नको. शिवाय नाव नोंदलं गेलं की ऑफिसला आणि डीव्हीएलएला (ड्रायव्हिंग लायसन्स देणारं सरकारी खातं) कळणार हे डोक्यात बसलंय, आत्ता कुठे तिसऱ्या वेळी टेस्ट पास झाला होता हो. आणि आईचं तिकडून रोज, कुणाला बोलू नका, त्याचं लग्न व्हायचंय. मी बहीण म्हणून त्याचं नाव न सांगता फोन केला तर बोलतात का? संस्था खरी आहे ना?

प्रतिसाद १:
खरी आहे, १९५० पासूनची, ब्रिटिश एपिलेप्सी असोसिएशन म्हणजे तीच. मी बायकोसाठी केला होता, नाव न देता, नीट बोलले. ते डीव्हीएलएला कळवत बसत नाहीत, पण भावाने स्वतः कळवायलाच हवं, कायदाच आहे, नाहीतर १,००० पौंडांपर्यंत दंड. गाडी आजपासून बंद, साधारण १२ महिने फिट नसली की परत अर्ज करता येतो. आणि दान कसलं, मला फक्त माहिती मिळाली! इंग्लंडमध्ये असाल तर जीपीकडून (नेहमीच्या डॉक्टरकडून) एफपी९२ए फॉर्म भरून घ्या, प्रिस्क्रिप्शनचे पैसे पडत नाहीत. लायसन्स नाही म्हणून बसचा पास पण मिळतो, आम्हाला वर्षभर पत्ताच नव्हता.

प्रतिसाद २:
ताई, चिडचिड त्या गोळीनेही होते, बऱ्याच जणांना होते. पण मनाने गोळी बंद करू देऊ नका, एकदम थांबवली तर मोठी फिट येऊ शकते, नर्सला सांगा, त्या बघतील काय बदलायचं ते. बाथरूमला लॉक नको, बाहेर पाटी लावा, आणि टबपेक्षा शॉवर. फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर सरळ ९९९. ऑफिसचं म्हणाल तर कामात गाडी, उंची, मशीन असलं काही नसेल तर सांगायची सक्ती नसते, पण सांगितलं तर २०१० चा इक्वालिटी अ‍ॅक्ट (भेदभावाविरुद्धचा कायदा) पाठीशी असतो. माझ्या नवऱ्याने सांगितलं, नाइट शिफ्ट सुटली.

धागाकर्ती:
खूप आभार. चिडचिडीचं त्याला वाचून दाखवलं तर एकदम गप्प झाला, मग म्हणाला, म्हणजे मला वेड लागत नाहीये ना? इतके दिवस हे मनात घेऊन बसला होता. नर्सला उद्या तो स्वतः फोन करतोय, हेल्पलाइनला मी. आईला काय सांगायचं ते अजून ठरलं नाही.