वकिलाने तारीख चुकवली तर अमेरिकेत कैद्याचं हेबियस कॉर्पस बुडतं का?

सातारी_एलएलबी: साताऱ्यात लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, मूट कोर्टला (सरावाच्या खोट्या खटल्याला) अमेरिकेतला ‘प्रोसिजरल डिफॉल्ट’ आलाय, म्हणजे नियम किंवा मुदत चुकल्याने कैद्याचा मुद्दा बुडणं, हेबियस कॉर्पसमध्ये (कैद बेकायदा आहे म्हणून कोर्टात केलेल्या अर्जात) तो ऐकलाच जात नाही, आणि कोलमन विरुद्ध थॉम्पसन, १९९१, वाचल्यापासून झोप उडालीय. फाशीचा कैदी, वकिलाने अपिलाची नोटीस ३ दिवस उशिरा दिली आणि फेडरल कोर्ट म्हणालं तुझे मुद्दे ऐकणार नाही! आपल्याकडे ३ दिवसांचा उशीर विलंब माफीच्या साध्या अर्जात निघून जातो. तिकडे माफी मिळते तरी कधी?

कृष्णाकाठचा_वकील: मी सांगलीत प्रॅक्टिस करतो. आधी हे बघ की तिकडे कोर्टं दोन आहेत, राज्याचं आणि फेडरल म्हणजे केंद्राचं. राज्याच्या नियमाने मुद्दा बुडाला की फेडरल कोर्ट सहसा त्यात हात घालत नाही. वेनराइट विरुद्ध साइक्स, १९७७ पासून दोन्ही दाखवावं लागतं, ‘कॉज’ म्हणजे कैद्याच्या हाताबाहेरचं कारण आणि ‘प्रेज्युडिस’ म्हणजे त्यामुळं झालेलं खरं नुकसान. सरकारी पक्षाने कागद दडवले तर ते कारण चालतं. वकिलाचा नुसता हलगर्जीपणा चालत नाही, कारण वकील पक्षकाराचा एजंट, त्याची चूक ती याची चूक. खटल्यात आणि पहिल्या अपिलात मात्र वकील मिळणं हा घटनेचा हक्क आहे, तिथं त्याने फारच वाईट काम केलं तर ते कारण धरतात. कोलमनची तारीख त्याच्या पुढच्या टप्प्यात चुकली, तिथं हा हक्कच नाही.

सातारी_एलएलबी: सर, पण हे पटत नाही हो. रफिक विरुद्ध मुन्शीलाल, १९८१ मध्ये आपलं सुप्रीम कोर्ट स्पष्ट म्हणालं की वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, आणि ते साधं दिवाणी प्रकरण होतं, इथं तर जीव जातोय. आमच्या मूट प्रॉब्लेममध्ये वकील फर्म सोडून गेलाय आणि कैद्याला कुणी कळवलंच नाही.

निकाल_वाचक: अरे मग तुझी केस मेपल्स विरुद्ध थॉमस, २०१२! दोन वकील फर्म सोडून गेले, कोर्टाची पत्रं न उघडता परत आली, मुदत संपली. कोर्ट म्हणालं वकिलाने वाऱ्यावर सोडलं तर तो एजंट राहतच नाही, म्हणून ते ‘कॉज’ धरलं. त्याच वर्षीचा मार्टिनेझ विरुद्ध रायन पण आहे, त्यात अपिलानंतरच्या टप्प्यातल्या वकिलाची चूकही कारण धरली, पण तो फक्त खटल्यातल्या वकिलाच्या कामाबद्दलच्या तक्रारीपुरता, आणि २०२२ च्या शिन विरुद्ध रामिरेझने नवा पुरावा आणायची वाट जवळजवळ बंद केली. मला तो निकाल फार क्रूर वाटतो.

कृष्णाकाठचा_वकील: आणि कैदी खरंच निर्दोष असल्याचा नवा भक्कम पुरावा असेल तर श्लुप विरुद्ध डेलो, १९९५. त्यात कॉज लागत नाही.

सातारी_एलएलबी: तसा पुरावा प्रॉब्लेममध्ये नाही सर. मग मेपल्सवरच उभा राहतो, पत्रं कधी परत आली त्या तारखा आज रात्रीच काढतो.