शुभेच्छापत्रावर खेळाची वेळही असावी
आंतरराष्ट्रीय अ‍ॅनिमेशन दिनाची शुभेच्छापत्रे खूप फिरतात, स्वतंत्र लघुपट मात्र फारसे कोणी पाहत नाही, ही तक्रार बरीचशी रास्त आहे. परंतु हा दिवस मुळात शुभेच्छांचा नसून खेळाचाच, म्हणजे प्रेक्षकांना चित्रपट दाखवण्याचाच आहे. २८ ऑक्टोबर १८९२ रोजी फ्रेंच संशोधक एमिल रेनो यांनी पॅरिसच्या ग्रेव्हँ संग्रहालयात, हाताने रंगवलेल्या चित्रांची पट्टी स्वतः फिरवत, पडद्यावरील हलत्या चित्रांचा आपला पहिला सार्वजनिक खेळ केला. त्यातल्या एका पट्टीवर सुमारे ५०० चित्रे होती आणि तेवढ्यावर ती गोष्ट जवळपास १५ मिनिटे चाले, कारण रेनो हवे तेथे थांबत, पट्टी मागे नेत आणि पात्रांना तेच पुन्हा करायला लावत. (आजच्या स्वतंत्र दिग्दर्शकाची काटकसर याहून फार निराळी नाही.) २००२ पासून असिफा ही अ‍ॅनिमेशनपटांची आंतरराष्ट्रीय संघटना हा दिवस साजरा करते, त्यासाठी एखाद्या अ‍ॅनिमेटरकडून पोस्टर करून घेते आणि देशोदेशीच्या शाखा आपापले खेळ लावतात. तेव्हा शुभेच्छापत्र पाठवायचेच असेल, तर त्यावर खेळाची जागा, वेळ आणि लघुपट करणाऱ्यांची नावे छापावीत. आपल्याकडे दिवाळी पुष्कळदा याच सुमारास येते; अशा वर्षी खेळ आठवडाभर पुढे ढकलायला हरकत नसावी.