ओव्हनमधली कुरकुरी भेंडी
ओव्हनमध्ये भेंडी कुरकुरीत होतच नाही, मऊच राहते, असं काहींचं मत असतं, ते मला पटलं नाही. होते, फक्त मीठ आधी लावायचं नाही. मिठाने भेंडीला पाणी सुटतं आणि ती भाजली जाण्याऐवजी वाफवली जाते. काल पहिल्यांदाच केली. धुऊन पंचावर अगदी कोरडी केली, उभी पातळ चिरली, तेल, हळद, तिखट आणि चमचाभर बेसन चोळून ट्रेमध्ये सुटी सुटी पसरली. १८० अंशांवर साधारण अर्धा तास, मध्ये एकदा हलवून. कडा तपकिरी झाल्या, बिया छान खमंग भाजल्या आणि तार नावालाही राहिली नाही! मीठ-आमचूर बाहेर काढल्यावर भुरभुरवलं. सासूबाईंनी वरणभाताबरोबर आवडीने खाल्ली.

डब्यात भरून ठेवायला मात्र करू नका, पावसाळी हवेत लगेच सादळते.