चार दिवसांत मुलांना महाराष्ट्र दाखवायचाय, कुठे नेऊ?

कृष्णाकाठ:
आम्ही १२ वर्षं बंगळुरूत. मुलगी १३ ची, मुलगा ९ चा. दोघांचं हंपी, बदामी सगळं बघून झालंय आणि परवा मुलगा विचारतो, आई आपल्या गावाकडे असं काय आहे गं? मी किल्ले, लेणी, सह्याद्री असं सांगत सुटले पण नुसत्या नावांनी त्याला काय कळणार. दिवाळीत पुण्याला माहेरी येतेय, चार दिवस मोकळे आहेत. इतिहास आणि निसर्ग दोन्ही दिसेल असं सुचवा ना. लोणावळा-महाबळेश्वर नको.

घाटवाट:
ताई, कुकडी नदी धरून जा! जुन्नरला मुक्काम, पहिल्या दिवशी शिवनेरी, दुसऱ्या दिवशी नाणेघाट. वाटेत पूर गावात कुकडेश्वराचं जुनं दगडी देऊळ लागतं, नदीचा उगम तिथलाच. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, कोकणातून वर येणाऱ्या मालाची जकात त्यात टाकायचे असं सांगतात. मग शेवटी निघोज, नदी तीच, पण तिथे तिने काळ्या कातळात स्वतःच रांजणखळगे पाडलेत, पुरात दगडगोटे भोवऱ्यात अडकतात आणि गरागरा फिरत कातळ घासत जातात, हजारो वर्षं हेच चाललंय. काठावर मुलांचा हात सोडू नका, खळगे खोल आहेत.

वऱ्हाडी:
अहो लोणार राहिलं की! उल्का आदळून बेसॉल्टमध्ये झालेलं सरोवर, आमच्या बुलढाण्यात. वर धारेचं गोडं पाणी आणि खाली उतरलं की खारं, बोटांना बुळबुळीत लागतं. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं, पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यात जगणारे सूक्ष्मजीव वाढले म्हणून. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ बघितल्याशिवाय तर परतूच नका.

जुन्नरी:
लोणार सुंदरच आहे दादा, पण पुण्याहून लांब पडतं, चार दिवसांत दोन्ही केलं तर पोरं नुसती गाडीत बसून कंटाळतील. नाणेघाटाच्या लेण्याला मात्र निवांत वेळ द्या. आत भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा, यज्ञात किती गाई, किती कार्षापण (तेव्हाची नाणी) दिले ते आकड्यांसकट कोरलंय. समोरच्या भिंतीवरच्या सातवाहनांच्या मूर्ती गेल्या, वरची नावं तेवढी राहिलीत. मुलीला त्यातले आकडे शोधायला लावा, पण अक्षरांना हात नको, लोकांनी तिथे आपली नावं खरवडलेली बघून जीव तुटतो हो.

कृष्णाकाठ:
ठरलं, कुकडी. लोणार मे महिन्यात वेगळं करू. नाणेघाटापर्यंत साधी कार जाते का?

जुन्नरी:
जाते, घाटघरवरून. शनिवार-रविवार टाळा आणि सकाळी लवकर निघा, उन्हं चढायच्या आत कड्यावरून खालचं कोकण बघायला मिळेल. जेवणाचं मात्र जुन्नरहूनच बांधून घ्या.