'डॉक्टर सिट' की 'डॉक्टर सिट्स'? साध्या वर्तमानकाळाने वैताग आणलाय

रिसेप्शन_परळ
नमस्कार मंडळी. परळला एका दवाखान्यात रिसेप्शनवर असते. मुलगा सातवीत गेला तेव्हा पुन्हा नोकरी धरली. शिक्षण मराठी माध्यमात, एबीसीडी थेट पाचवीत. (पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, तोवर माझी दहावी उरकली होती.)

परवा फोनवर एका बाईंना सांगितलं, "डॉक्टर सिट फ्रॉम फाइव्ह टू एट." डॉक्टरांची कॉलेजातली मुलगी शेजारीच बसली होती. "मावशी, सिट्स." बरं. दहा मिनिटांनी दुसरा फोन, रिपोर्ट आला का म्हणून. मी म्हटलं, "वेट, आय चेक." लगेच, "मावशी, आय विल चेक."

आय गो, यू गो, ही गोज वहीत शंभरदा लिहिलंय हो! रिकाम्या जागा भरा म्हणाल तर आजही पैकीच्या पैकी. मग तोंडाला काय होतं? आणि 'मी बघते' हा वर्तमानकाळच ना? मग 'आय चेक'मध्ये चुकलं काय? हसू नका, नीट सांगा.

बदलापूर_फास्ट
हसत नाही ताई, पण आमच्या नाक्यावरच्या दवाखान्यात पाटी आहे, 'डॉक्टर इज नॉट सिटिंग टुडे'. माझा भाचा विचारतो, मग उभे आहेत का?

निवृत्त_मास्तर
ताई, चूक तुमची नाही, तुमच्या संस्कारांची आहे. आपण 'डॉक्टर बसतो' म्हणतो का? 'बसतात' म्हणतो. बाबा ऑफिसला जातात, सर शिकवतात. माणूस एकच, पण मान म्हणून अनेकवचन. आता अनेकवचनाला इंग्रजीत 'एस' लागत नाही, दे सिट. तुमचं डोकं 'बसतात' ऐकतं आणि बरोबर 'सिट' काढून देतं! इंग्रजीत आदरार्थी अनेकवचन नाही. राजा असो की रंक, 'ही' म्हटलं की क्रियापदाला 'एस'. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, 'माय फादर वर्क इन मिल' हे वाक्य किती वेळा खोडलं त्याला गणती नाही. 'माय ब्रदर वर्क' मात्र त्या मानाने कमी. दादाला आपण अरेतुरे करतो ना!

शिवाय नामाला 'एस' लागला की अनेकवचन आणि क्रियापदाला लागला की एकवचन, हा इंग्रजीचा उलटा कारभार. म्हणून पोरं 'बॉईज प्लेज' लिहितात. हा 'एस'सुद्धा सगळीकडे पहिल्यापासून नव्हता. 1611 च्या इंग्रजी बायबलात 'हॅथ', 'डथ' अशी रूपं आहेत. उत्तर इंग्लंडातला 'एस' पुढे सगळीकडे पसरला.

जाता जाता, 'डॉक्टर सिट्स' व्याकरणात बसतं, पण तो आपल्याकडचा वाक्प्रचार. 'द डॉक्टर सीज पेशंट्स फ्रॉम फाइव्ह टू एट' म्हणा.

नाईट_शिफ्ट_मालाड
मास्तरांनी 'एस'चं सांगितलं, मी 'आय चेक'चं सांगतो. सहा वर्षं हेडफोन लावून हेच केलंय.

आपलं 'बघते' तीन कामं करतं. 'मी रोज सकाळी मेल बघते' ही सवय, इथे 'आय चेक' बरोबर. 'थांबा, बघते' म्हणजे आत्ता ठरवलं, लगेच करते. इथे 'आय विल चेक' किंवा 'लेट मी चेक'. 'उद्या येऊन बघते' म्हणजे तर सरळ भविष्य. इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ यातलं पहिलंच काम मनापासून करतो. उद्याच्या गोष्टीला तो चालतो, पण ती वेळापत्रकात ठरलेली असेल तर. 'द ट्रेन लीव्ह्ज ॲट एट ट्वेल्व्ह टुमॉरो' चालतं. आपणही 'उद्या आठ बाराला सुटते' म्हणतोच की.

आणि तुमच्या टेबलावर हमखास लागणारं वाक्य: 'रिपोर्ट आला की कळवते.' मी सुरुवातीला 'व्हेन द रिपोर्ट विल कम' म्हणायचो. टीम लीडर कपाळाला हात लावायची. 'व्हेन'नंतर 'विल' नको, 'व्हेन द रिपोर्ट कम्स, आय विल कॉल यू.' गंमत बघा, तीच न घडलेली गोष्ट आपण 'आला' अशी भूतकाळात घालतो आणि ते वर्तमानकाळात.

रिसेप्शन_परळ
मास्तर, आज दिवसभर स्वतःचंच बोलणं कान देऊन ऐकलं. चहावाला पोऱ्या कधी येतो विचारलं, तर पटकन म्हणाले, 'ही कम्स ॲट फोर.' एकदम बरोबर! आणि पाच मिनिटांनी 'डॉक्टर कम ॲट फाइव्ह'. पोऱ्याला 'एस' आणि डॉक्टरांना नाही!

एकच राहिलं. संध्याकाळी म्हणाले, 'डॉक्टर डझंट सीज पेशंट्स ऑन संडे.' पोरगी पुन्हा हसली. आता तर दोन-दोन 'एस' दिले होते!

निवृत्त_मास्तर
तेच चुकलं. वाक्याला 'एस' एकच मिळतो. तो 'डू'ने घेतला, 'डझ' झाला, मग 'सी'च्या हातात काही उरत नाही. 'डझंट सी.' आणि त्या पोरीला एकदा विचारा, मराठीत 'माझे बाबा येतो' म्हणते की 'येतात'.