मदत हवी आहे: अनवाणी पळायला लागले आणि नडगी धरली, आता काय करू?

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ३८, पुण्यात असते. दोन वर्षं पळतेय, आठवड्याला साधारण २५ किमी, तळजाईवर नाहीतर सोसायटीच्या आसपास. बूट नेहमीचे गुबगुबीत, टाचेकडे १० मिमी उंच. गुडघा अधूनमधून कुरकुरायचा, बाकी तक्रार नव्हती. आमच्या ग्रुपमध्ये साठीचे एक काका आहेत, अनवाणी पळतात आणि आम्हाला मागे टाकतात. ते म्हणाले बुटांनी पाय आळशी होतात. झालं, घरी येऊन रात्री एकपर्यंत व्हिडिओ. मिलिंद सोमण, मग १९६० ला रोममध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकलेला अबेबे बिकिला. (हाच माणूस १९६४ ला टोकियोत बूट घालून जिंकला आणि तीन मिनिटं आधी पोचला, हे नंतर कळलं, व्हिडिओवाले ते सांगत नाहीत.)

तर पहिल्या आठवड्यात २ किमी, मस्त वाटलं, गुडघा एकदम गप्प, म्हणून दुसऱ्या आठवड्यात ५ आणि तिसऱ्या रविवारी थेट ८, तेही सिमेंटवर कारण तळजाईला चिखल होता. पोटऱ्या इतक्या भरून आल्या की जिना उलटा उतरत होते, पण म्हटलं स्नायू तयार होतायत. आता दहा दिवस झाले, डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर दुखतंय. आधी पाय गरम झाला की थांबायचं, आता चालतानाही दुखतं आणि रुपयाएवढ्या एकाच जागी दाबलं की डोळ्यात पाणी येतं.

सल्ले भरपूर. दुकानवाल्याने ट्रेडमिलवर पळवून 'पाय आत वळतो' म्हणत १४ हजारांचा बूट काढला. काका म्हणतात सोस, महिन्यात बसेल. आई काशाची वाटी घेऊन मागे लागलीय. सासूबाई म्हणतात त्यांची आई आळंदी ते पंढरपूर अनवाणी जायची, पण त्या लहानपणापासून शेतात अनवाणीच, आणि वारीत चालायच्या हो, माझ्यासारखं घड्याळ लावून पळायच्या नाहीत!

सहा आठवड्यांवर सातारा हिल हाफ मॅरेथॉन आहे, पैसे भरलेत, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा. जुने बूट घालून हळूहळू चालू ठेवू, की पूर्ण बंद?

प्रतिसाद १
पूर्ण बंद, आजपासून. साधं शिन स्प्लिंट (पळून पळून नडगीच्या कडेने येणारी दुखी) असेल तर वीतभर पट्टा दुखतो. एका बोटाने दाखवता येईल अशी जागा म्हणजे हाडाला बारीक तडा जायला लागला असेल अशी शंका घ्यायची. एका पायावर उड्या मारून बघा असं कोणी सांगेल, मारू नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो, त्यावर खूश होऊन परत पळायला जाऊ नका, माझं तेच झालं होतं. आणि त्या जागेवर वाटी नको, आईंना म्हणावं तळव्याला घासा.

प्रतिसाद २
गुडघा गप्प झाला कारण भार खाली सरकला. टाचेवर पडणारा पाय चवड्यावर पडायला लागला की पोटरी, टाचेमागची शीर आणि पावलाची हाडं जास्त काम करतात. अनवाणी वाईट असं नाही, मी स्वतः पळते, पण स्नायू आठवड्यांत सरावतात आणि हाडाला महिने लागतात, तुम्ही तीन आठवड्यांत २ चे ८ केलेत. बरं झाल्यावर आधी घरात अनवाणी वावरा, मग आठवड्यातून दोनदा गवतावर पाच मिनिटं, बाकी पळणं जुन्या बुटात. आणि बाईमाणूस म्हणून विचारते, पाळी नियमित आहे ना? ड जीवनसत्त्व तपासून घ्या.

धागाकर्ती
दाखवून आले. एक्स-रे स्वच्छ, एमआरआयमध्ये हाडाला सूज, तडा अजून नाही. सहा आठवडे पळणं बंद. ड जीवनसत्त्व ११ निघालं, म्हणजे बरंच कमी, गोळ्या सुरू. सातारा गेलं, नवरा पळेल, मी फिनिशला कंदी पेढे घेऊन उभी. काकांना सांगितलं तर म्हणाले, मी पण पहिलं वर्षभर नुसता चालायचो. हे आधी सांगायला काय झालं होतं!

सायकल चालेल म्हणालेत डॉक्टर. सिंहगड रोडला कुणाकडे गिअरची जुनी पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.